वरच्या ओठाच्या डाव्या बाजूबाबत

मी, नाव व पत्ता सोबतच्या बंद पाकिटात लिहून दिल्याप्रमाणे, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका, राहणार याच ठाण्याच्या हद्दीत, आज बुधवार दि. १३ रोजी सकाळी ११ वाजता स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन, कोणी शिकवून पाठवलेले नसताना, सांगते ती हकीकत अशी.

माझा वरचा ओठ डाव्या बाजूला मिटत नाही. त्यामुळे प, फ, ब, भ, म ही अक्षरे माझ्या तोंडून नीट निघत नाहीत. जो शब्द कळला नाही तो मी कागदावर लिहून दाखवला आहे. जबाब लिहून घेणारे हवालदार यांनी सुरुवातीला 'पार्लर'च्या जागी 'हार्लर' असे लिहिले होते, ते दुरुस्त केले. 'भावजय' हा शब्द मला तीन वेळा सांगावा लागला. तिसऱ्या वेळी हवालदारांनी "जावई का?" असे विचारले. मला जावई नाही. माझी तक्रार माझ्या धाकट्या भावाच्या बायकोविरुद्ध आहे, व तिचे नावही पाकिटात आहे. मी सांगेन ते माझ्याच शब्दांत लिहावे, 'सदर महिलेने सदर ठिकाणी' असे करू नये, अशी मी विनंती केली. ती हवालदारांनी नाइलाजाने मान्य केली.

माझे काम तोंडाचे आहे. शाळेत माझ्याकडे सर्वांत लहान वर्ग आहे. सात मुले, वय सहा ते आठ. कानाला यंत्र लावूनही त्यांना फारसे ऐकू येत नाही. ती माझ्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेतात व त्यावरून स्वतः बोलायला शिकतात. म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसते, उजेड चेहऱ्यावर घेते आणि ओठ ठळक दिसावेत म्हणून लिपस्टिक लावते. प, ब आणि म ही तीन अक्षरे ओठांवर हुबेहूब सारखी दिसतात. हवालदारांनी आरशासमोर पापा, बाबा, मामा असे आवाज न काढता म्हणून पाहावे. फरक हाताने शिकवावा लागतो. प म्हणताना मुलाच्या हाताच्या मागच्या बाजूला माझी फुंकर लागते, ब म्हणताना माझा गळा थरथरतो, म म्हणताना नाक. एका मुलाला एक शब्द शिकवायला कधी कधी दोन महिने जातात. हे मी तेवीस वर्षे करत आहे. मला दुसरे काही येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. ओठ गेला तर वर्ग गेला, हे कळावे म्हणून एवढे लांबण लावले.

या कामामुळे मलाही ओठांवरून बोलणे वाचता येते. मुलांइतके नाही, पण येते. त्याबाबत वर्गात माझा एक कडक नियम आहे. काचेपलीकडचे बोलणे आपले नाही. म्हणजे दोन माणसे लांब उभी राहून खाजगी बोलत असतील आणि आपल्याला ते दिसत असेल, तर नजर वळवायची. ज्यांना ऐकू येते ती माणसे आपल्याला बहिरी समजून मोकळेपणाने बोलतात, त्यांचा विश्वास मोडायचा नाही. हा नियम मी स्वतःही पाळते. पुढे काय झाले ते कळण्यासाठी हा नियम लिहिणे गरजेचे आहे.

गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या वरच्या ओठावर उभ्या बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. लिपस्टिक त्यांतून वर चढत असे. वर्गातील एका सात वर्षांच्या मुलीने माझे चित्र काढले, त्यात ओठांच्या वर लाल रेघा काढल्या. मी विचारले तेव्हा तिने 'मांजर' असे उत्तर दिले. म फार छान म्हणाली. सगळी मुले हसली, मीही हसले. घरी आल्यावर मात्र मी आरशासमोर बराच वेळ उभी होते. ओठांची कड पुसट झाली की मुलांना वाचायला त्रास होतो, हे खरे आहे. मला चांगले दिसायचे होते, हेही खरे आहे. दोन्ही कारणे लिहावीत. हवालदारांनी "म्हणजे हौस म्हणून केलं ना?" असे विचारले. होय. हौस करणे हा गुन्हा असेल तर तो माझ्या नावावर वेगळा नोंदवावा.

माझ्या भावजयीचे ब्युटी पार्लर किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. ती वयाने माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहे. घरात तिला सगळे बेबी म्हणतात. भावासाठी ही मुलगी मीच पसंत केली होती, कारण ती हसरी होती व कामसू होती. ती अजूनही कामसू आहे. केस, भुवया, फेशियल यात तिचा हात धरणारे कोणी नाही. गेल्या वर्षी ती कुठेतरी जाऊन, ज्यांना ती सर म्हणते त्यांच्याकडून, दोन दिवसांत सुरकुत्या भरण्याचे इंजेक्शन शिकून आली. त्याचे प्रमाणपत्र चौकटीत घालून गल्ल्याच्या मागे लावले आहे. ती डॉक्टर नाही हे मला माहीत होते. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अहो ताई, त्यात काय एवढं? चपटी झालेली उशी असते ना, तिच्यात थोडा कापूस भरायचा. तुमच्या तर दोनच टोचण्या." माझा तिच्यावर विश्वास होता. घरातलीच मुलगी आहे, वाईट काय करणार, असे वाटले.

दोन महिन्यांपूर्वीच्या ७ तारखेस, शनिवारी, सकाळी ११ वाजता मी पार्लरमध्ये गेले. तिथे समोर केस धुण्याची जागा व आत एक लहान खोली आहे. मध्ये काचेचे दार आहे. आतल्या खोलीत मागे कलणारी खुर्ची, गोल दिवा आणि एक छोटा फ्रिज आहे. भावजयीने माझ्या ओठांवर बधिर करणारे क्रीम लावले व वर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवला. अर्धा तास तिने मला माझ्या भाच्याच्या परीक्षेच्या गमती सांगितल्या. मी तोंडावर कागद असल्याने हसू शकत नव्हते, म्हणून ती मुद्दाम जास्त सांगत होती. "आता कशा गप्प बसल्यात बघा आमच्या बाई," असे ती म्हणाली. आमचे संबंध असे होते, हे नोंदवून ठेवावे.

सुमारे ११.४० वाजता तिने उजव्या बाजूला सुई टोचली. काही त्रास झाला नाही. नंतर डाव्या बाजूला टोचली. त्या वेळी ओठापासून नाकपुडीपर्यंत कोणी आतून दोरा ओढावा अशी कळ आली. ओठ बधिर असतानाही आली. मी हात वर केला. ती म्हणाली, "झालंच, ताई, झालंच." मग तिने सुई बाजूला ठेवली. बोटाने ओठ दाबून पाहिला, सोडला, परत दाबला. गप्पा थांबल्या. तिने तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला, मोबाइल घेतला व काचेचे दार लावून बाहेर गेली.

गोल दिवा माझ्याकडे वळवलेला होता व बाहेर खिडकीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. मला तिचे तोंड स्पष्ट दिसत होते. तिने फोनवर जे सांगितले त्यातले मला कळले ते असे. "सर, पांढरं पडलंय." मग ती ऐकत राहिली. मग, "नाही, ताईंना काही बोलले नाही." यानंतर मी नजर वळवली व छताकडे पाहत राहिले. नियम माझाच होता.

हवालदारांनी वरील मजकूर लिहिताना 'मी ऐकले' असे लिहिले. मी ते खोडायला लावले. मी ऐकले नाही, पाहिले. दार बंद होते. हवालदार म्हणाले, "बाई, कोर्टात ऐकलेलं चालतं. असलं पाहिलेलं बोलणं कोण मानणार?" मी ते पुन्हा 'पाहिले' असेच लिहून घेतले. मुलांना मी रोज सांगते की दिसले तेच सांगा, अंदाजाने बोलू नका. मग इथे येऊन अंदाजाने कशी बोलू? उलट 'पांढरं' या शब्दाविषयी मी छातीठोक सांगू शकत नाही. पांढरं, बांधलं हे शब्द ओठांवर जवळपास सारखे दिसतात. उद्या कोणी तसे म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र तो शब्द उच्चारताना भावजयीने स्वतःच्या वरच्या ओठावरून डावीकडे बोट फिरवले, हे मी पाहिले. 'बोलले' या शब्दाविषयी मात्र संशय नाही. पोलले किंवा मोलले असा शब्द भाषेत नाही.

दोन-तीन मिनिटांनी ती आत आली. मास्क परत वर होता. तिने माझ्यापुढे हातआरसा धरला व म्हणाली, "बघा ताई, कसं उजळलंय!" ओठाच्या वर नाकपुडीपर्यंत तुळशीच्या पानाएवढा भाग पांढुरका झाला होता. उजळणे हा तिच्या पार्लरमधला सर्वांत मोठा कौतुकाचा शब्द आहे. पंधरा वर्षे ती येणाऱ्या प्रत्येक बाईला तो ऐकवत आली आहे, मलाही कितीतरी वेळा ऐकवला आहे, आणि प्रत्येक वेळी मी खूश होऊन घरी गेले आहे. त्या दिवशीही मी खूश झाले. सुरकुत्या दिसत नव्हत्या. तो भाग पांढरा का झाला होता ते मला नंतर कळले. तिथे रक्त पोचत नव्हते.

हवालदारांनी विचारले की फोनवरचे बोलणे दिसले होते तर मी जाब का विचारला नाही. त्याचे उत्तर असे की, विचारले असते तर चोरून पाहिल्याचे कबूल करावे लागले असते. शिवाय मला ते खरे नको होते. आरशात मी बरी दिसत होते. घरची माणसे खोटे बोलतात तेव्हा आपण अर्धे काम त्यांच्यासाठी करून ठेवलेले असते. हे मी नंतर शिकले, आणि याला दोन दिवसांचा कोर्स पुरत नाही.

१२.१५ वाजता तिने मला बर्फाची पिशवी देऊन घरी पाठवले. दुपारी ४ च्या सुमारास ओठावर व नाकाच्या बाजूला जांभळी जाळी दिसू लागली. ६ वाजता मी तिला फोन केला. ती म्हणाली, "सूज असते ताई. बर्फ लावत राहा, सकाळपर्यंत उतरेल." मी बर्फ लावत राहिले. त्या भागाला ऊब हवी होती, गारवा नको होता, असे नंतर डॉक्टरांकडून कळले. म्हणजे नुकसान करण्यात मीही हातभार लावला, तिच्या सांगण्यावरून.

माझे पती चष्म्याच्या दुकानात काम करतात. ते संध्याकाळी घरी आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले व म्हणाले, "होतं त्यात काय वाईट होतं?" आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारले. ते आधी उच्चारले असते तर हा प्रकार घडला नसता, असे माझे म्हणणे नाही. फक्त वेळ नोंदवून ठेवत आहे, सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे.

रविवारी दि. ८ रोजी सकाळी ओठावर फोड आले होते. भावजय स्वतः येऊन मला जवळच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे कामावर असलेल्या तरुण डॉक्टरांनी काय झाले असे विचारले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "भूल द्यायच्या क्रीमची ॲलर्जी झालीये." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून "बरोबर ना?" असे विचारले. माझा ओठ इतका सुजला होता की बोलता येत नव्हते. तिने माझा हात घट्ट धरला होता. मी मान हलवली. मान हलवायला ओठ लागत नाहीत. डॉक्टरांनी ॲलर्जी असे लिहिले व त्याच्या गोळ्या दिल्या. तो कागद सोबत जोडला आहे. त्यावर जे लिहिले आहे ते खोटे आहे, आणि ते लिहिण्यात माझी मान सामील आहे.

सोमवारी दि. ९ रोजी ओठाचा तो भाग काळा पडला. मी एकटी दुसऱ्या इस्पितळात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाई होत्या. त्यांनी बोटाने ओठ दाबला व सोडला, जसा भावजयीने दाबला होता अगदी तसाच. मग त्यांनी काय भरले व किती वाजता भरले ते विचारले. मी कागदावर लिहून दिले. तो वाचून त्यांनी सांगितले की ओठात भरलेले जेल रक्ताच्या नळीत गेले व नळी बंद झाली. जेल विरघळवणारे इंजेक्शन असते. ते त्यांनी त्या दिवशी दिलेही. पण म्हणाल्या, "शनिवारी दुपारी आला असतात तर ओठ बहुतेक वाचला असता. आता जेवढं वाचेल तेवढं." मी विचारले, शनिवारी किती वाजेपर्यंत? त्यांनी वेळ सांगितली नाही. अशा वेळी आकडा सांगत नाहीत, हे मला नंतर जाणवले.

पुढे मेलेला भाग काढावा लागला. जखम भरली ती आवळून भरली. डावा कोपरा खाली ओढला गेला व वरचा ओठ वर राहिला. पाणी पिताना सांडते, त्यासाठी मी रुमाल बाळगते. हवालदारांनी ते पाहिले आहे.

जखमेची पट्टी निघाल्यानंतर एका दुपारी भाऊ व भावजय घरी आले. माझे पती घरात होते. भावजय मास्क लावूनच आली व चहा आला तरी तिने तो काढला नाही. चहा तसाच गार झाला. भाऊ म्हणाला, "ताई, झालं ते वाईट झालं. आता ते उगाळून काय होणार? कागदावर ॲलर्जी लिहिलंय, तेच राहू दे. तिच्या पोटावर पाय देऊ नकोस." मी माझा ओठ दाखवला. तो दुसरीकडे पाहू लागला. मी भावजयीला पाटीवर लिहून विचारले, 'फोनवर सर काय म्हणाले?' मी ते बोलणे पाहिले होते हे तिला तोवर माहीत नव्हते. तिने पाटी वाचली व रडू लागली. मास्कच्या आतून म्हणाली, "सर म्हणाले होते, लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या. एक मिनिट थांबू नका. मला वाटलं, थोड्या वेळानं लाली येईल. मी घाबरले होते हो ताई. सगळ्यांना कळलं असतं."

हे मी स्पष्ट ऐकले. या वेळी पाहिले नाही, कारण मास्क होता. हवालदारांना जे ऐकलेले हवे होते ते हे आहे. ही कबुली देताना हजर असलेले इसम दोन. भाऊ लगेच तिला म्हणाला, "तू गप्प बस. तू काही बोलली नाहीस." माझ्या पतींना मी कालच विचारले की तुम्ही साक्ष द्याल का. ते म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही. मी पेपर वाचत होतो." माझ्या पतींचे कान उत्तम आहेत. सातही मुलांचे मिळून नाहीत एवढे त्यांचे एकट्याचे आहेत.

तेव्हापासून भावजय कुठेही भेटली तरी माझ्यासमोर तोंडावर मास्क किंवा हात धरते. पार्लर चालू आहे. तिने सुई चुकीच्या जागी टोचली याचा मला राग कमी आहे. चूक मोठ्या डॉक्टरांकडूनही होते असे त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या. उपाय आहे हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळले होते. तिने माझा ओठ आणि तिची चौकट यांतून चौकट निवडली. मी ज्या मुलीला पसंत केले, ज्या मुलीच्या बाळंतपणात रजा काढून उशाशी बसले, तिने निवडली. याची शिक्षा कायद्यात काय असेल ती असो, पण तिने उद्या दुसऱ्या कोणाच्या ओठाला सुई लावू नये, एवढे तरी झाले पाहिजे.

तक्रार द्यायला नऊ आठवडे उशीर का झाला, असे हवालदारांनी विचारले. तोवर मला आशा होती. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांनी मला सांगितले होते की जखम पूर्ण भरल्यावर एकदा वर्ग घेऊन पाहू. मुलांना वाचता आले तर वर्ग तुमचाच. नाही आले तर कार्यालयात टेबल रिकामे आहे. त्या वाईट नाहीत. त्यांनी नऊ आठवडे माझ्या जागी कोणाला घेतले नाही. घरी मी आरशासमोर बसून प, ब, म चा सराव करत होते. बोटाने ओठ खाली ओढून धरला तर प निघत होता. तेव्हा मी मनात ठरवले होते की वर्ग परत मिळाला तर तक्रार करायची नाही, घरातले घरात मिटवायचे. हे भावाला मी कळवले नव्हते, पण ठरवले होते.

परवा, सोमवारी दि. ११ रोजी सकाळी १० वाजता मी वर्गात गेले. मोठ्या बाई मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. सातही मुले अर्ध्या गोलात बसली होती. मी नेहमीप्रमाणे उजेडाकडे तोंड करून बसले. मुलांनी मला नऊ आठवड्यांनी पाहिले. कोणी जवळ आले नाही. मी पाण्याचे, पानाचे व माशाचे चित्र समोर ठेवले व 'पान' असे म्हटले. कोणी हात वर केला नाही. मी पुन्हा म्हटले. माझे मांजरासारखे चित्र काढणारी ती मुलगी उठून जवळ आली व तिने हाताची मागची बाजू माझ्या ओठांपुढे धरली, मी शिकवले आहे तशी. मी 'पान' म्हटले. तिने हात स्वतःच्या तोंडापुढे नेला व स्वतः 'पान' म्हणून फुंकर लागते का ते पाहिले. लागली. परत माझ्यापुढे धरला. मी बोटाने ओठ ओढून म्हटले. बोटामुळे तोंड झाकले गेले. ती तशीच थांबली.

मग ती माझ्या चेहऱ्याकडे, डाव्या कोपऱ्याकडे, पाहू लागली. जागेवर जाऊन तिने पाटी घेतली व लिहून माझ्यासमोर धरली. तिच्या लिहिण्यात अजून विभक्ती येत नाहीत, म्हणून तिचे अक्षर न अक्षर जसे होते तसे सांगते. 'बाई राग. मी काय चूक.'

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'नाही' असे लिहिले. सातही मुलांनी ते वाचले. वाचून झाल्यावर सातही जणांनी फळ्यावरून नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिले. तेवीस वर्षे मी मुलांना हेच शिकवत आले की माणूस काय म्हणतो ते त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवायचे. त्यांनी पाहिले व ठरवले. त्या मुलीने पाटी पुसली व ती मान खाली घालून बसली. मोठ्या बाईंनी वहीत काही न लिहिता वही मिटली.

काल दि. १२ पासून मी कार्यालयात बसते. तिथे खिडकी आहे, उजेड कुठे पडतो याने फरक पडत नाही. आज अर्ध्या दिवसाची रजा काढून येथे आले.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. खाली मान घालून वाचत होते म्हणून मी त्यांना वर बघून वाचायला सांगितले. जबाबात मी सांगितले तेच आहे, त्यात कोणाची भर नाही. 'मी रागावलेली नाही' असे वाक्य यात कुठेही आलेले नाही, याची मी स्वतः पुन्हा वाचून खात्री केली आहे. सही करते.